बटणांच्या डब्यातला वायसर

मी एक जुना वायसर आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वाकडे करू नका. गॅसच्या सिलिंडरच्या तोंडात, जिथे रेग्युलेटर खट्‌कन बसतो, तिथे आत एक काळी रबरी कडी असते. लहान मुलीच्या करंगळीत अंगठी म्हणून बसेल एवढी. तो मी. गॅसने ठरलेल्या वाटेनेच जावे, बाजूने डोके वर काढू नये, एवढे पाहणे हे माझे काम.

सध्या माझा मुक्काम एका खाकी पाकिटात आहे. पाकिटावर लाखेचा ठसा आहे, एक क्रमांक आहे आणि कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग आहे. हे पाकीट ग्राहक न्यायालयाच्या लोखंडी कपाटात असते. इथे राहून मला इथल्याच सवयी लागल्या. इथे कुणाचे बोलणे पुरे होत नाही. माणूस वाक्याच्या मध्यावर असतो आणि समोरून आवाज येतो, पुढची तारीख. त्यामुळे माझी गोष्टही अधूनमधून तुटेल. तुम्ही वैतागाल. खुशाल वैतागा. मी चार वर्षे वैतागलो आहे.

तर माझा जन्म एका

(न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख.)

कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून आम्ही दोनशे भाऊ एका दमात बाहेर पडलो. आमच्या वर्षाच्या खेपेला पिवळ्या रंगाचा ठिपका दिला होता. पुढच्या वर्षीच्यांना निळा, त्यापुढच्यांना पांढरा. ठिपका पाहून वय कळावे आणि वय झालेल्याला वेळेवर काढून टाकावे, एवढाच त्याचा अर्थ. भिंगाखाली आम्हांला तपासणारी एक बाई होती. तिने मला बोटावर गोल फिरवले, दाबले, ताणले आणि शेजारणीला म्हणाली, "हा बघ, किती गुळगुळीत."

आयुष्यात माझे झालेले कौतुक तेवढेच.

नंतर मी एका सिलिंडरच्या तोंडात बसलो आणि घरोघर हिंडलो. किती स्वयंपाकघरे पाहिली म्हणून विचाराल, तर एकही नाही. मी आत, अंधारात. ऐकली मात्र खूप. फोडण्या ऐकल्या, भांडणे ऐकली, उतू गेलेल्या दुधावरून झालेले अबोले ऐकले. चहा चांगला झाला तर लोक चहा करणाऱ्याला शाबासकी देत, फार तर नव्या शेगडीला. वायसराला कुणी काही म्हटल्याचे मला आठवत नाही. तक्रार नाही. आपले अस्तित्व कुणाच्या ध्यानात आले नाही, म्हणजे आपले काम चोख चालले आहे, अशी माझी समजूत होती.

पिवळ्या ठिपक्याची मुदत संपली. कुणी मला काढले नाही. आणखी एक वर्ष गेले. अंग ताठ झाले, मग चिरा पडल्या. गॅस भरण्याच्या जागी एक माणूस प्रत्येक सिलिंडरच्या तोंडावर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का ते पाहत असे. त्याच्यासमोर सिलिंडरांची रांग कधी संपत नसे. माझी पाळी आली तेव्हा त्याच्या बादलीतले पाणी संपले होते. बादली भरून आणायला तो गेला आणि मागच्याने रांग पुढे ढकलली. मला बदलायला एक चिमटा लागला असता, मित्रांनो. एक चिमटा आणि एक जांभई द्यायला लागतो तेवढा वेळ.

त्याच दुपारी आमचा सिलिंडर गाडीत चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुमजली घराच्या

(फायलीची नाडी तुटून कागद विखुरले. पुढची तारीख.)

दाराशी उतरला. ते दोन बायकांचे घर होते. एक टेलरताई. बायकांचे कपडे आणि वकिलांचे कोट शिवण्यात तिचा हात धरणारे आसपास कुणी नव्हते. दुसरी तिची मोठी नणंद. गल्ली तिला आक्का म्हणे, टेलरताई वन्सं म्हणे. ज्याच्यामुळे या दोघी एकमेकींच्या नात्यात आल्या तो माणूस बारा वर्षांपूर्वी वारला होता. तरी दोघी एका छताखाली राहत, रोज एकदा कडाकडा भांडत आणि एकमेकींवाचून जेवायला बसत नसत.

भांडणाचा विषय ठरलेला असे, स्वच्छता. आक्काची फरशी इतकी पुसलेली असे की, आलेला माणूस चपला काढून झाल्यावर पायही बाहेरच ठेवू का, असे विचारी. टेलरताईच्या मशीनखाली दोऱ्याचा एक तुकडा पडला, तर आतल्या खोलीत आक्काला तो ऐकू येई.

सिलिंडर आणणाऱ्या गॅस एजन्सीच्या माणसाला घाई होती. सील तोडायचे, माझ्याकडे डोकावायचे, गळती तपासून दाखवायची, हे सगळे त्याचे काम. त्याने नुसती पावती पुढे केली. 'गळती तपासून दिली' या ओळीपुढे बरोबरची खूण छापखान्यातूनच आलेली होती. आक्काचे हात फिनेलच्या पाण्याने ओले होते. ते कोरडे करून तिने सही केली, ती कागद ओला होऊ नये याची काळजी घेत.

मग तिने स्वतः रेग्युलेटर बसवला. खट्‌ आवाज झाला. ती कपड्यांची बादली घेऊन वर गच्चीत गेली. जाताना खिडकी लावून घेतली, कारण ओल्या फरशीवर धूळ बसते.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. खरे सांगतो, केला. पण चिरेतून गॅस निघाला तो निघालाच. गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, माणसाने सावध व्हावे म्हणून. त्या वासावर त्या दिवशी फिनेलचा वास चढून बसला. टेलरताई पाणी तापवायला आत आली. तिच्या नाकाला नुसत्या पुसलेल्या घराचा वास आला. तिने लायटर

(एजन्सीच्या वकिलांना सर्दी. पुढची तारीख.)

दाबला.

त्या क्षणाविषयी मी फार बोलणार नाही. खिडकी तावदानांसकट रस्त्यावर गेली. टेलरताईने दोन्ही हात तोंडावर घेतले म्हणून तोंड वाचले. हात वाचले नाहीत. डावा थोडक्यात निभावला. उजव्याची, म्हणजे कात्रीच्या हाताची, बोटे पुढे आत वळून तशीच राहिली.

आग विझवणाऱ्यांनी रेग्युलेटर ओढून काढला आणि सिलिंडर अंगणात नेला. मी तेवढ्या आचेने मऊ पडून रेग्युलेटरच्या टोकाला चिकटलो होतो, त्यामुळे त्याच्याबरोबर ओट्यावरच राहिलो. पाठोपाठ एजन्सीचा माणूस आला आणि सुरक्षिततेसाठी म्हणून सिलिंडर घेऊन गेला. त्याला कुणी अडवले नाही. जो धोका घरातून बाहेर नेतो त्याला कोण अडवणार? तो सिलिंडर भरला गेला, रंगवला गेला आणि कुठल्या तरी घरी गेला. आज तो कुठे आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझी चार वर्षे पाकिटात आणि डब्यात गेली.

टेलरताईला दवाखान्यात पोहोचवून आक्का दुपारी घरी परतली. निरोप आला की चार वाजता हवालदार पंचनाम्याला येणार, सोबत एजन्सीचे तपासनीस आणि शेजारचे दोघे साक्षीदार. आक्काने घराकडे पाहिले. भिंती काळ्या, छत काळे, ओट्यावर काजळी. एवढी परकी माणसे येणार आणि हे असले घर दाखवायचे? भावजय दवाखान्यात पडली म्हणून काय घराला कुणी वाली नाही? तिने कंबर कसली. रडत होती आणि घासत होती. भिंती धुतल्या, शेगडी धुतली. शेवटी रेग्युलेटर हातात घेतला. पोलिसाच्या हातात द्यायची वस्तू, ती काय अशी मळकी द्यायची? घासणीने घासता घासता मी तिच्या बोटात आलो. ती रबराचे काही टाकून देत नसे, कधीतरी उपयोगी पडते म्हणून. तिने मला खळबळून टेलरताईच्या बटणांच्या डब्यात टाकले.

चार वाजता चौघे आले आणि त्यांनी एक लखलखीत स्वयंपाकघर पाहिले. तपासनिसाने लिहिले: 'रेग्युलेटर स्वच्छ व सुस्थितीत. गळतीचा दोष आढळला नाही. कारण: ग्राहकाचा निष्काळजीपणा.'

घर नीट ठेवल्याबद्दल त्याने आक्काचे कौतुकही केले. मला तर कौतुक या शब्दाचीच

(हवालदार साक्षीला आले नाहीत. पुढची तारीख.)

शिसारी बसली.

डब्यातले दिवस कसे काढले ते विचारू नका. बटणे ही फार उथळ जात. कोटावर बसणार की झग्यावर, चार भोकांचे श्रेष्ठ की दोन, दुसरा विषय नाही. वर झाकणाला कान लावून मी घर ऐकत असे. टेलरताई दवाखान्यातून आली. मशीन बंद. गल्लीतल्या बायका बघायला येत आणि जाताना जिन्यात कुजबुजत की, शेगडीचे बटण हिनेच चालू ठेवले असणार, लक्ष सगळे शिवणात. हळूहळू टेलरताईलाही तसेच वाटू लागले. "मीच ठेवलं असेन चालू," ती म्हणे. दहा वेळा उठून ती शेगडीचे बटण पाही. मी आतून ओरडे, तू नाहीस, मी आहे. रबराचा आवाज तो. त्यात माझ्या उरावर ओव्हरकोटाची बटणे.

साधारण दहा महिन्यांनी एक वकीलबाई आली. न्यायालयाचा काळा कोट तिने इथेच शिवून घेतला होता. त्याच्या बाहीचे अस्तर उसवले होते. ती दारात उभी राहून अस्तर दाखवू लागली, मग तिला टेलरताईचा हात दिसला आणि तिने कोट खुर्चीवर टाकला.

तिने सगळे विचारून घेतले. मग बोटांवर वाटा मोजल्या. एजन्सीने अशा अपघातासाठी विमा काढलेला असतो, त्यावर लेखी मागणी करता येते. पोलिसांत एजन्सीविरुद्ध तक्रार नोंदवता येते. ग्राहक न्यायालयात जाता येते, पण अपघातापासून दोन वर्षांच्या आत. दिवाणी दावाही लावता येतो, मात्र त्याला धीर फार लागतो. एजन्सीने काही सही करायला दिले का, असे तिने विचारले. दिले होते. दवाखान्यातच एक सहानुभूतीचे पत्र आले होते आणि खाली बारीक अक्षरात, यापुढे काही मागणी नाही, असे लिहिले होते. उजवा हात बांधलेला होता म्हणून सही राहिली होती.

"हात बांधला ते बरंच झालं म्हणायचं," वकीलबाई म्हणाली, आणि आतल्या आक्कासकट तिघीही क्षणभर हसल्या. मग ती गंभीर झाली. "सगळ्या वाटा एकाच दारात अडतात, टेलरताई. गळती झाली कुठून? सिलिंडर नेला. रेग्युलेटर चकचकीत. त्या सिलिंडरच्या तोंडातला वायसर जरी असता ना, एवढीशी काळी कडी असते रबराची, तर मी यांना सोडलं नसतं."

आत आक्का तवा घासत होती. घासण्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला नाही.

मी डब्यात टुणकन उडायचा प्रयत्न केला. डबा तिच्या डोक्यावरच्याच फळीवर होता. हात वर केला असता तरी पुरे होते. तिला कळले होते, मित्रांनो. तिला त्या क्षणी सगळे कळले होते. फिनेल, खिडकी, पावती, घासणी. आणि ती काही बोलली नाही. वकीलबाई गेल्यावर तिने तो तवा पुन्हा पहिल्यापासून घासला.

मी तिच्यावर खूप रागावलो. अजूनही पुरता निवळलो नाही. पण वर्षभर मी तिला ऐकले आहे. ती टेलरताईची वेणी घाले, तिला घास करून भरवी, तिच्या हाताला तेल चोळी. आणि फळीवरची धूळ पुसताना एकटा तो डबा सोडून पुसत असे. त्या घरात धूळ बसलेली वस्तू एकच होती. तिच्याखाली

(न्यायाधीश बदलले. नव्या न्यायाधीशांना प्रकरण वाचायला वेळ हवा. पुढची तारीख.)

मी होतो.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर हाताचा व्यायाम शिकवणारी बाई घरी येऊ लागली. बोटांना पुन्हा चिमूट शिकवायची होती. तिने विचारले, घरात बारीक वस्तू कुठल्या आहेत? टेलरताई म्हणाली, शिंपिणीच्या घरी बारीक वस्तूंना काय तोटा, वन्सं, तो डबा काढा हो. आक्का म्हणाली, दाण्यांनी करा. बाई म्हणाली, बटणेच चांगली. तिने स्वतःच हात वर करून डबा काढला आणि चादरीवर पालथा केला.

रोज वीस बटणे उचलायची होती. पहिल्या दिवशी दोन उचलली गेली. पाचव्या दिवशी सात. आक्का समोर भाजी निवडत बसे आणि तिचे डोळे माझ्यावरून हलत नसत. आठव्या दिवशी टेलरताईची दोन वाकडी बोटे माझ्यावर आली. ती मला उचलू लागली. तीन वेळा निसटलो, चौथ्यांदा उचलले.

"वन्सं, हे कसलं हो? हे काही बटण नाही."

"कुकरचं असेल."

"एवढंसं?"

आक्काने हातातली शेंग ठेवली. "सिलिंडरचं आहे. त्या दिवसाचं."

"वकीलबाई म्हणाल्या ते?"

"तेच."

"तुम्हांला कधीपासून ठाऊक?"

"ती बाई बोलली तेव्हापासून." आक्काचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी घासून काढलं हे कळलं, तर तू मला घराबाहेर काढशील असं वाटलं. आणि रोज वाटायचं, आज सांगेन."

टेलरताईने मला उजेडाकडे धरले. मग म्हणाली, "वर्षभर मी शेगडीचं बटण बघत हिंडतेय, वन्सं. तुमच्या डोळ्यांसमोर."

आक्काने मला तिच्या बोटांतून घेतले आणि सवयीने हातातल्या फडक्याने पुसायला लागली.

"पुसू नका," टेलरताई म्हणाली. "ठेवा ते तसंच. आणि चप्पल घाला, वकीलबाईंकडे जायचंय. मला घराबाहेर नाही काढायचं कुणाला, मला तुमची साक्ष हवीय."

दोन वर्षे भरायला अठरा दिवस उरले होते. तक्रार सतराव्या दिवशी दाखल झाली, कारण मधल्या दिवसांत शिक्का मारणारा कारकून लग्नाला गेला होता.

पुढचे तुम्ही तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेच आहे. एजन्सीच्या वकिलाने मला चिमट्यात धरून वर केले आणि म्हणाला, असली कडी कुठल्याही दुकानात मिळते. ही त्याच सिलिंडरची कशावरून? शिवाय ही पावती पाहा, गळती तपासल्याची सही आहे. रेग्युलेटर पोलिसांच्या खोलीतून सापडायला पाच तारखा गेल्या. सापडला तेव्हा जुन्या सायकलींच्या खाली होता, पण अजून चकाकत होता. आम्हां दोघांना प्रयोगशाळेत पाठवले.

तिथे भिंगाखाली एक गोष्ट दिसली. रेग्युलेटरच्या टोकाला आतून एक बारीक खाच होती. त्या खाचेत रबराचा नखाच्या कडेएवढा तुकडा जळून चिकटला होता. माझ्या अंगावर तेवढाच टवका उडालेला होता. दोन्ही जुळले. माझा अर्धा जळालेला पिवळा ठिपकाही त्यांनी वाचला आणि माझे वय लिहून दिले.

आक्का साक्षीला उभी राहिली. सगळे कबूल केले. सही कशी केली तेही सांगितले. शेवटी एजन्सीच्या वकिलाने विचारले, इतके घासले म्हणता, मग हा तुकडा कसा राहिला?

"तेच मला कळत नाही," आक्का म्हणाली. तिला खरोखर अपमान वाटला होता. "साठ वर्षांत माझ्या हातून कोपरा सुटलेला नाही."

न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तो बराच वेळ तोंडाशी धरला.

निकाल लागला. 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' हे शब्द अहवालातून काढून टाकावेत, दोष एजन्सीचा, टेलरताईच्या हातावरचे पुढचे सगळे उपचार आणि भरपाई त्यांनीच द्यावी. ते वाचले गेले तेव्हा टेलरताईने वाकड्या बोटांनी आक्काचे मनगट धरले होते. पुढच्याच आठवड्यात एजन्सी वरच्या न्यायालयात गेली. म्हणजे पुन्हा कपाट, पुन्हा पाकीट, पुन्हा सर्दी झालेले वकील.

मित्रांनो, एरवी माझ्यासारखी वस्तू तुम्हांला सांगते की मला जपा, पुसा, स्वच्छ ठेवा. मी तेवढे सांगणार नाही. घरात सिलिंडर आला की माझ्याकडे एकदा डोकावा, चिरा दिसल्या तर परत पाठवा. ओल्या हातांनी असो की कोरड्या, न तपासता सही करू नका. आणि होऊ नये ते झालेच, तर माणसांना बाहेर काढा आणि मग कशालाही हात लावू नका. काळे आहे ते काळे राहू द्या. भिंतींनाही काही सांगायचे असते. सिलिंडर कुणी नेऊ लागला तर तो पोलिसांसमोर ने म्हणावे. आणि वकिलाकडे लवकर जा. दोन वर्षे फार वाटतात. बटणे उचलण्यात ती संपतात.

आज मला वरच्या न्यायालयासाठी नव्या पाकिटात घालायचे होते. दोघी हजर होत्या. कारकुनाने जुने पाकीट फाडले, मला तळहातावर घेतले. माझ्यावर धुऊनही न निघालेली काजळी, लाखेचे कण, चार वर्षांची धूळ. वरच्या साहेबांकडे हे असले पाठवायचे म्हणून त्याने खिशातून रुमाल काढला.

मागच्या बाकावरून आक्का उठून उभी राहिली.

"ठेवा तो रुमाल," ती म्हणाली. "मळकंच जाऊ दे."